दुरुस्ती टेलपासून सुरू करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालव्याची दुरुस्ती वरून नाही, टेलपासून म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू करा, हे सांगायला हे पत्र लिहितोय. मागच्या रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं होतं तेव्हा, मी आणि माझा पुतण्या दोनशे लिटरचं रिकामं बॅरल ट्रॉलीत टाकून आमच्या फाट्याच्या जलसेतूखाली, म्हणजे पाणी ओढ्यावरून नेणाऱ्या पुलाखाली गेलो. फाटा म्हणजे उजनी धरणाच्या डाव्या कालव्याची आमच्या शिवारात येणारी शाखा, आणि तो ओढ्यावरून जातो तिथं सिमेंटचा जलसेतू आहे, त्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यातलं रबर कधीच कुजून गेलंय, त्यातून पाण्याची धार पडते. धार मी लहानपणापासून बघतोय, पण तेव्हा ती करंगळीएवढी होती, आता मांडीएवढी झाली. खाली लव्हाळं माजलंय, म्हशी बसतात, पोरं पोहतात, भर उन्हाळ्यात आवर्तन असलं की तिथं डोह होतो. आम्ही बॅरल धारेखाली धरलं, पुतण्यानं मोबाईलवर टाइम लावला, चौदा सेकंदात बॅरल भरलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा चौदा-पंधरा सेकंद.

आता हिशोब बघा. दोनशे लिटर चौदा सेकंदात म्हणजे सेकंदाला चौदा लिटर, म्हणजे अर्धा क्युसेक, कारण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. दिवसभरात झालं बारा लाख लिटर. ज्वारीच्या एका एकराला एक पाणी द्यायला साधारण तीन लाख लिटर लागतं. म्हणजे रोज चार एकर ज्वारीचं पाणी त्या एका सांध्यातून ओढ्यात जातंय, आणि आवर्तन एकवीस दिवस चाललं तर चौऱ्याऐंशी एकराचं. एका सांध्यातून. आमच्या फाट्यावर असे सांधे, फुटक्या मोऱ्या, दार नसलेली तोंडं किती आहेत ते मी मोजायला घेतलं होतं, सतरापर्यंत मोजली आणि मग अंधार पडला.

मी टेलचा शेतकरी आहे. मोहोळ तालुक्यात साडेचार एकर जमीन, त्यातली अडीच ज्वारी, एक एकर तूर, बाकी थोडा कांदा थोडं गवत जनावरांना. माझ्या बारीला, म्हणजे पाण्याच्या पाळीला, अठरा तास मिळतात कागदावर. एक क्युसेक पाणी चारीला, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या लहान पाटाला, नीट आलं तर तीन तासात एक एकर भिजतो, म्हणजे अठरा तासात सहा एकर भिजायला पाहिजे, माझी सगळी जमीन भिजून पाणी उरलं पाहिजे. मागच्या वेळी दीड एकर भिजला. थंडीत रात्रभर मी आणि बायको दारं धरून होतो, ती बॅटरी धरायची मी खोरं मारायचो, आणि पहाटे चारला पाणी एवढं बारीक झालं की सरीत पुढं सरकेना, जागेवरच जिरायला लागलं. बायको म्हणाली आता बास, हे पाणी नाही ही ओल आहे. ज्वारी पोटरीत होती. ज्यांना ज्वारी माहितीय त्यांना हे सांगायला नको, पण शहरातले वाचक असतील म्हणून सांगतो, रब्बी ज्वारीला साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पाणी मिळालं तर कणीस भरतं, दहा-पंधरा दिवस उशीर झाला की ताटं उभी राहतात पण दाणा बारीक पडतो आणि कडबाही हलका होतो. कडबा हलका म्हणजे दूध कमी, दूध कमी म्हणजे आठवड्याचा बाजार अडला. आमच्याकडं असं एकात एक गुंतलेलं असतं.

उजनीत पाणी नाही असं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. साहेब, उजनी 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा, आणि उपयुक्त साठा 53.57 टीएमसी. यासाठी करमाळा, इंदापूर, दौंड भागातली पन्नासच्या वर गावं पाण्याखाली गेली, धरण खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर दिसतं, लोक फोटो काढायला जातात. ज्यांची घरं गेली त्यांच्या पाण्याचा एक थेंब वाया जाताना बघितला की मला लाज वाटते, खरंच वाटते. आणि 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांपर्यंत गेली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी उपसावं लागलं, तेव्हा आपण सगळ्यांनी काय हाल बघितले ते आठवा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलंही. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तो कधी पडेल आणि कधी नाही याचा नेम नाही, म्हणून तर धरण बांधलं. जुनी माणसं म्हणतात आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आमचं उलटं झालंय, आडात आहे पण पोहराच फुटका आहे.

पोहरा फुटला कसा तेही सांगतो, कारण पेपरात नेहमी "कालव्याची दुरवस्था" एवढंच छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी आळशीपणा केलाय. आळशीपणा असेल पण सगळं तेवढंच नाही. आपली जमीन काळी आहे, काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट काँक्रीटची लादी टाकली की दोन-तीन उन्हाळ्यात लादी उचलते, तडकते, मग तडकलेल्या जागी बाभूळ उगवते, बाभळीचं मूळ भेग रुंद करतं, आणि जिथं कालवा भरावावरून जातो तिथं उंदीर-घुशी आणि खेकडे बिळं करतात, बिळातून आधी ओल येते मग धार येते. लादीखाली मुरमाचा चांगला थर दाबून घातला तर हे बरंच थांबतं, हे आमच्या गावच्या मिस्त्रीलासुद्धा माहितीय, पण थर घालायला वेळ लागतो आणि तो नंतर दिसत नाही. भरावाची गोष्ट किती मोठी होऊ शकते ते 2023 च्या जानेवारीत पाटकुलला बघितलं, डावा कालवा फुटला आणि उभ्या पिकातून पाणी गेलं, माती वाहून गेली. पीक पुढच्या वर्षी परत येतं पण वाहून गेलेला वरचा थर आपल्या हयातीत परत येत नाही.

पोटफाट्यांवरची लोखंडी दारं आहेत, त्यांचे स्क्रू गंजून बसलेत, फिरवायची चाकं कुणी काढून नेली, आता दार बंद करायचं म्हणजे पोती, दगड आणि काळा चिखल. दार उघडायचं म्हणजे तेच परत पायानं ढकलून काढायचं. मी स्वतः चिखलात उतरून हे केलंय, माझ्या आधीच्या बारीवाल्यानं केलंय, आणि त्यात अर्धा तास जातो तेवढं पाणी सगळं ओढ्याला. माझ्या लहानपणी आमच्या फाट्यावर दोन पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारी माणसं, होते, सायकलवर यायचे, कुणाच्या दारात किती पाणी आहे ते त्यांना काठीनं कळायचं. एक रिटायर झाले, एक वारले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता एका माणसाकडं इतकी गावं आहेत की तो आमच्याकडं येतो तेव्हा आवर्तन संपत आलेलं असतं, मी त्याला दोष देत नाही, त्याच्या गाडीचं पेट्रोलसुद्धा तो खिशातून घालतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो. जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीवर आपल्या जिल्ह्यात पैसे आले नाहीत असं नाही. येतात. पण काम नेहमी वरून सुरू होतं, मुख्य कालव्याच्या तोंडाकडून, आणि खाली येता येता पैसा संपतो, मार्च संपतो, कंत्राटदार मशीन घेऊन जातो. आमच्या फाट्यावर मागं एकदा असंच झालं, पहिले दोन किलोमीटर गुळगुळीत लादी झाली, पुढचे सहा किलोमीटर जसेच्या तसे. मग काय झालं तर वरच्या दोन किलोमीटरात गळणारं पाणी वाचलं, ते तिथल्याच लोकांनी ऊस वाढवून घेतलं, टेलला एक बोटभर पाणी वाढलं नाही. मी त्यांच्यावर रागवत नाही, दारासमोर पाणी वाहताना कोण सोडेल, त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऊसच लावला असता. कामाचा क्रमच तसा होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दुरुस्ती उलटी करा. शेवटच्या शेतचारीपासून सुरू करा आणि वर चढत या. एक फाटा घ्या, त्याची टेलची चारी, मग पोटफाटा, मग दारं, मग जलसेतू, मग फाट्याचं तोंड, असा एक फाटा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. पाळी द्यायची पद्धत तर आधीच टेलकडून वर आहे, बैठकीत दरवेळी ठरतं की आधी टेलला पाणी आणि मग हेडला म्हणजे वरच्या तोंडाला, मग दुरुस्तीला तोच नियम का नाही?

एका इंजिनिअर साहेबांना मी हे बोललो होतो, ते चांगले आहेत, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "वर गळत असताना खालची चारी दुरुस्त करून त्यात येणार काय?" प्रश्न बरोबर आहे. पण मी म्हणतो साहेब, पाइपलाइन गळते तेव्हा आपण नळाला मीटर लावतो ना? टेलला मोजपट्टी लावा, चारी नीट असली की तिथं किती पाणी आलं हे रोज कळेल, आज चारीच नाही तर मोजणार कशात. टेलची चारी धड असली की टेलचा माणूस फाट्याच्या तोंडापर्यंत रोज चालत जाईल, कुठं फुटलंय ते तो सांगेल, कारण आता त्याला मिळण्यासारखं काहीतरी आहे. आज आमची पोरं टेलला पाणी येतच नाही म्हणून चाकणला कंपनीत गेली, फाट्यावर लक्ष ठेवायला राहिलंय कोण, साठीच्या पुढची माणसं. वरून सुरू केलेल्या कामाला खाली बघणारा कुणी नसतो, खालून सुरू केलेल्या कामाला सगळा फाटा बघत असतो.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, आपल्याच राज्यात झालेलं आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे, त्याच्या उजव्या कालव्याच्या टेलला ओझर. 1990 च्या सुमाराला तिथल्या टेलच्या शेतकऱ्यांनी पहिल्या तीन पाणी वापर संस्था काढल्या, बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राची माणसं त्यांच्यासोबत होती. मोजून पाणी घेतलं, ओढ्यावर बंधारे घालून विहिरींना पाणी लावलं. टेलचं बघून वरची गावं आली, पुढं सगळ्या धरणावर 24 संस्था झाल्या आणि त्यांचा महासंघ पाणी वाटतो. तिथं टेलपासून सुरू झालं म्हणून ते वरपर्यंत गेलं. 2005 मध्ये राज्यानं कायदा केला, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, त्याप्रमाणे संस्थेला पाणी घनमीटरवर मोजून द्यायचं आणि ताब्यात देण्याआधी संयुक्त पाहणी करून यंत्रणा दुरुस्त करून द्यायची. आमच्याकडंही संस्था आहे, कागदावर, शिक्का माझ्या चुलत्याच्या कपाटात आहे. ती का झोपली? कारण मोडकी चारी ताब्यात घ्यायला कुणी तयार होत नाही, आणि चारी ताब्यात घेतल्याशिवाय दुरुस्ती नाही असं आम्हाला सांगण्यात आलं. दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसलेत आणि मधे वीस वर्षं गेली.

अस्तरीकरणाबद्दल, म्हणजे कालव्याला सिमेंटची लादी टाकण्याबद्दल, एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, टेलच्या माणसाकडून हे आलेलं काहींना आवडणार नाही. सगळा कालवा सिमेंटचा करा असं मी म्हणत नाही. कालव्याच्या कडेच्या विहिरी कालव्याच्या पाझरावर जगतात, कित्येक डाळिंबाच्या बागा, कित्येक गावांचं प्यायचं पाणी त्यावर आहे, लादी टाकली की दुसऱ्या वर्षी त्या विहिरी कोरड्या पडतील आणि मग तिथले लोक रात्री लादी फोडतील, तेही चूक नसतील. जिथं भराव आहे, जिथं फुटायची भीती आहे, जिथं पाणी सरळ ओढ्यात चाललंय, जिथं पाणी तुंबून जमीन चोपण म्हणजे खारवट झालीय, तिथं अस्तर करा. जिथं जिरलेलं पाणी विहिरीत येतं तिथं ते पाणी मोजा, विहिरीवाल्याला हिशोबात धरा आणि कालवा तसाच मातीचा ठेवा, फक्त गाळ आणि बाभळी काढा. खालच्या पोटचाऱ्या बंदिस्त पाइपच्या केल्या तर मला चालेल, काळ्या रानात पाइप टिकतो, त्यावर ज्वारी पेरता येते, घुशी बिळ करत नाहीत. पण पाइप टाकणार असाल तर मधे गाळ काढायची जागा ठेवा, कारण उजनीचं पाणी गढूळ येतं आणि एकदा पाइप तुंबला की तो उकरायला कुणी येणार नाही.

चोपण जमिनीवरून आठवलं. वरच्या गावात माझ्या मामाचं रान आहे, बारा महिने पाणी, बारा महिने ऊस, आता त्यातला एक एकर पांढरा पडलाय, मीठ वर आलंय, उसाची ताटं गुडघ्याएवढी राहतात. मामा मला म्हणाला तुला पाणी मिळत नाही आणि मला पाणी सोसत नाही. वरच्या लोकांनासुद्धा पाणी मोजून मिळण्यात फायदा आहे, हे त्यांच्याशी बसून बोललं तर पटतं, मी बोललोय. सायफनचे पाइप टाकून पाणी घेणाऱ्यावर केस करा असं सगळे म्हणतात, पण त्यातले निम्मे असे आहेत की त्यांच्या हक्काची चारी वीस वर्षांपूर्वी बुजली म्हणून ते पाइप टाकतात. त्यांची चारी आधी मोकळी करून द्या, आणि त्यानंतरही पाइप दिसला तर मग जरूर कारवाई करा.

आपल्या सोलापूरला जुनी यंत्रणा टिकवायची सवय नाही असंही नाही. शहराजवळचा हिप्परग्याचा एकरूख तलाव बघा, इंग्रजांच्या काळात 1871 च्या सुमाराला बांधलेला मातीचा बांध, दीडशे वर्षं झाली, अजून पाणी धरतोय. का, तर पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्याच्याकडं बघत राहिलं, दगड ढासळला की परत बसवला. आमचा फाटा त्याच्या मानानं कालचा आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, आणि तो म्हातारा झाला असं आम्हाला सांगतात.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या लोकांनी नव्या उपसा योजनांची वर्षानुवर्षं वाट बघितली, त्यांना पाणी मिळालंच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण जुन्या फाट्यांमधून ओढ्यात जाणारं पाणी जर थांबवलं तर त्यांच्याही वाट्याला जास्त येईल, ते पाणी वरून आकाशातून येणार नाही, ते इथंच आहे.

येत्या रब्बीच्या आवर्तनाआधी तीन महिने हातात आहेत. माझी विनंती अशी आहे की जिल्ह्यातला निदान एक फाटा निवडा, आमचाच पाहिजे असं नाही, कुणाचाही घ्या, फक्त टेलपासून घ्या. त्याच्या शेवटच्या दारापाशी सिमेंटची मोजपट्टी बसवा आणि रोज सकाळी किती पाणी आलं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा. आमची पाणीपट्टी आम्ही भरू, मागची बाकीसुद्धा हप्त्यानं भरू, पण त्यातला ठरलेला हिस्सा त्याच फाट्याच्या दारांना ग्रीस आणि रबर घ्यायला त्याच संस्थेकडं राहू द्या. एक पाटकरी द्या, गावातलाच पोरगा घ्या, आमच्यातल्या पाच-सहा पोरांची आयटीआय झालीय आणि ती कामाच्या शोधात आहेत, त्यांना दार बसवता येतं, वेल्डिंग येतं.

जलसेतूच्या सांध्याबद्दल आमच्या मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला फाटा कोरडा असताना दोन दिवसांचं काम, जुनं कुजलेलं खरवडून काढायचं, नवीन रबरी पट्टी बसवायची, वरून कोटिंग. मजुरी घेणार नाही म्हणाला, त्याचीही दोन एकर टेललाच आहे. वर्गणी काढून आम्ही सामान आणू शकतो, पण ती सरकारी मालमत्ता आहे, परवानगीशिवाय हात लावला तर आमच्यावरच गुन्हा, म्हणून आम्ही अर्ज दिलाय, दोनदा दिलाय, पोच माझ्याकडं आहे. तुमच्या पेपरातून हे पत्र संबंधित साहेबांपर्यंत पोचलं आणि त्यांनी त्या अर्जावर "परवानगी आहे" एवढं लिहून सही केली तरी दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावाकडं येतात तेव्हा आम्ही तो सांधा बंद करून घेऊ. बॅरल मी तसंच ठेवलंय, काम झाल्यावर त्याच जागी परत धरून बघणार आहे.

आपला,
टेलचा एक शेतकरी,
ता. मोहोळ, जि. सोलापूर